एकोणसाठ म्हटलं की पोरं ६९ का लिहितात? (आणि डी.एड.ला पाठ केलेल्या पियाजेचं पुढे काय झालं?)

चिंचोके | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, मिळून एकोणीस पोरं. आज सकाळी संख्यालेखन घेतलं. मी संख्या बोलायची, त्यांनी पाटीवर लिहायची, "पाट्या वर!" म्हटलं की सगळ्यांनी एकदम दाखवायची. बाविसाला, चाळिसाला काही अडलं नाही. मग म्हटलं, एकोणसाठ.

अकरा पाट्यांवर ५९. पाच पाट्यांवर ६९. दोघांचं ६१. एक पाटी कोरी.

एरवी मी "बरोबर, बरोबर, चूक, चूक" करत पुढे सरकले असते. आज का कोण जाणे, थांबले. ६१ वाल्याला विचारलं, कसं लिहिलंस रे? तो म्हणाला, "एक आन् साठ." सरळ आहे, कानाला आलं ते लिहिलं. मग ६९ वालीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, एकोणीसमध्ये नऊ असतो, एकोणतीसमध्ये नऊ असतो, एकोणचाळीसमध्ये पण नऊ असतो. मग साठ आणि नऊ."

मी बघतच राहिले. ह्या पोरीने "एकोण आलं की शेवटी नऊ" हा नियम स्वतःचा स्वतः शोधलाय. मी तरी तिला कधी शिकवला नव्हता. तिला एवढंच कळलेलं नाही, की एकोणसाठला साठ अजून आलेलंच नसतं. ६१ वाला अजून रस्त्याच्या त्या टोकाला आहे आणि ही जवळपास घरी पोचलीय. माझ्या वहीत मात्र दोघांनाही सारखीच लाल फुली.

घरी आल्यावर पियाजे आठवला, मुलांचा विचार वयाप्रमाणे कसा बदलतो ते सांगणारा मानसशास्त्रज्ञ. डी.एड.ला त्याच्या चार अवस्था वयासकट पाठ केल्या होत्या, प्रश्न हमखास यायचा. पण ह्या माणसाची सुरुवातच मुळी पोरांच्या चुकांपासून झाली. १९२० च्या आसपास पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यावाल्या बिने यांच्या शाळेत तो मुलांसाठीच्या चाचण्यांचं प्रमाणीकरण करत होता. बरोबर उत्तरं मोजायचं काम, आणि हा गुंतला चुकीच्या उत्तरांत, कारण एका वयाची मुलं एकाच पद्धतीने चुकत होती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा डुलक्या काढत असेन.

तर प्रश्न असा. अध्ययनाचे हे जे सिद्धांत आपण शिकलो, त्यातला कुठला तुमच्या वर्गात खरोखर कामाला आला? आणि कुठला नुसताच भिंतीवर राहिला? आमच्या वर्गात फरशीवर ऑइलपेंटने रंगवलेला ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच ज्ञान रचतं, हा सिद्धांत) आहे. २०१६ साली तपासणीच्या आदल्या आठवड्यात रंगवला होता. आता पोरं त्यावर लंगडी खेळतात. ज्यांनी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांसारखं मनापासून केलं त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढे बाकीच्यांनी फक्त रंग उचलला, असं मला वाटतं.

---

खडूफळा | सोमवार, रात्री १०:२०

ताई, धागा छान. निवृत्त आहे, ३६ वर्षं नोकरी झाली. पण स्पष्ट बोलतो. तुमच्या पोरांचं दुखणं एकच, अंक तोंडपाठ नाहीत. आमच्या वेळी पहिलीत शंभरपर्यंत उजळणी रोज म्हणायची, संध्याकाळी परवचा. पावकी-निमकी-दिडकी-अडीचकी पाठ असलेला पोरगा बाजारात कधी फसला नाही. त्याला ना पियाजे लागला ना कुणी. तुम्ही "असं का लिहिलंस" विचारत बसलात तर पाठ्यक्रम दिवाळीपर्यंत तिथेच.

---

चिंचोके | सोमवार, रात्री १०:३५

गुरुजी, उजळणी आमच्याकडेही रोज होते. ती ६९ वाली एक ते शंभर घडाघडा म्हणते, अठ्ठावन्न-एकोणसाठ-साठ, कुठे अडखळत नाही. म्हणणं आणि लिहिणं ह्यांच्यामध्ये कुठेतरी गाडी रुळावरून घसरते. तेवढंच शोधतेय.

---

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी ७:१०

शाळेत निघता निघता लिहितोय. माझ्या वर्गात निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, पद्मशाली कुटुंबातली. ती तेलुगूत कधी उलटसुलट करत नाहीत. तिकडे एकवीसला इरवै ओकटि, म्हणजे वीस-एक. जसं लिहायचं तसंच बोलायचं. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, तेच. मराठीत आपण चौसष्ट म्हणतो, चार आधी ऐकू येतो, म्हणून ४६ लिहून मोकळी. पोर मंद नाही हो, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना त्याला उलटं वळण घ्यावं लागतं.

मी एक केलं. तेलुगूत मोजून दे म्हणालो, मग फळ्यावर लिही, आणि शेवटी मराठी नाव सांग. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की वगैरे तेव्हा डोक्यात नव्हता, पण घरची भाषा वर्गाबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची नाही, एवढं कळलं होतं.

---

मुलुंडची_आई | मंगळवार, सकाळी ११:०५

म्हणजे २०१९ चं "वीस एक, सत्तर दोन" बरोबर होतं म्हणायचं? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ! मीही तेव्हा व्हॉट्सॲपवर ते विनोद पुढे ढकलले होते. भाषेचं वाटोळं करतात म्हणून चिडलेही होते.

---

राइनकाठचा | मंगळवार, दुपारी ३:४०

चिडायच्या आधी पुस्तक उघडून पाहायला हवं होतं. त्यात दोन्ही पद्धती दिल्या होत्या. जुनी नावं कुणी पुसली नव्हती. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा जीव तोडून सांगत होत्या की जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, दक्षिणेतल्या भाषांत हा त्रास नाही. ऐकतंय कोण.

मी इकडे जर्मनीत बारा वर्षं आहे आणि इकडेही हेच रडगाणं. जर्मनमध्ये एकवीसला "आइन-उंड-त्स्वान्त्सिश", एक-आणि-वीस. माझी मुलगी पहिलीत असताना उजवीकडे आधी १ लिहायची आणि मग डावीकडे जागा शोधून २ घुसवायची. बाईंनी बोलावून घेतलं होतं. इकडे २००४ पासून एक संस्था आहे, वीस-एक म्हणू द्या अशी तिची मागणी. तिचं नावच "त्स्वान्त्सिशआइन्स", म्हणजे वीसएक. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णय घेऊन क्रम बदलला. तरी काही लोक अजून जुन्याच पद्धतीने बोलतात, आणि तिकडे आकाश कोसळलं नाही.

पण एकोण हे प्रकरण जर्मनांकडेही नाही. ते आपलं खास. लॅटिनमध्ये मात्र आहे, १९ ला ऊनदेविगिन्ती, म्हणजे विसातून एक उणे. आपल्याकडेही संस्कृत एकोनविंशती, एक ऊन विंशती. ऊन म्हणजे कमी. ताई, ह्यावरून काही सुचतंय का?

---

चिंचोके | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

सुचतंय म्हणजे काय, उद्याच करते.

---

बीएडवाले_सर | मंगळवार, रात्री ९:००

"कुठला सिद्धांत भिंतीवर राहिला" ह्या प्रश्नावर माझा कबुलीजबाब. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवतो. आमच्या हॉलमध्ये एक मोठा तक्ता आहे. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, असं करत करत स्वतः केलेलं ९० टक्के. खाली नाव एडगर डेल, अनुभवाचा शंकू. डेलने शंकू काढला तो १९४६ च्या पुस्तकात. त्यात एकही टक्का नव्हता. मूर्ताकडून अमूर्ताकडे कसं जायचं एवढंच त्याला दाखवायचं होतं. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. आणि एवढे गोल आकडे आपल्याकडे फक्त लग्नाच्या खर्चाच्या अंदाजात असतात.

दुसरं ते दृश्य-श्राव्य-कृतिशील विद्यार्थ्यांचं. हा मुलगा डोळ्यांनी शिकतो, ती कानांनी शिकते, म्हणून त्यांना तसंच शिकवा. २००८ मध्ये पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं. असं वेगवेगळं शिकवल्याने फायदा होतो ह्याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. लोक ह्यात बिचाऱ्या गार्डनरला ओढतात. त्याने स्वतः सांगितलंय की माझ्या बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हेत.

हे सगळं माहीत असून मी तो तक्ता शिकवतो का? शिकवतो. दहा मार्कांना येतो.

---

मुलुंडची_आई | मंगळवार, रात्री ९:२०

सर, तक्ता निदान उतरवा तरी!

---

बीएडवाले_सर | मंगळवार, रात्री ९:२८

मागे भिंतीला ओल आहे. 🙂

---

तीनदा_विठ्ठल | मंगळवार, रात्री ११:०२

माझ्या कामाला आलेली गोष्ट अगदी छोटी आहे. नववीला विज्ञान शिकवते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. मग दुसऱ्याला विचारतात, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं.

एवढंच. म्हटलं फुकटचं आहे, करून पाहू. प्रश्न विचारायचा आणि मनात सावकाश तीनदा विठ्ठल म्हणायचं. पहिल्या दिवशी पहिल्या विठ्ठलालाच माझी जीभ शिवशिवायला लागली. दुसऱ्या विठ्ठलाला पहिल्या बाकावरचा म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाही का?" पोरांनाही सवय नाही हो शांततेची. त्यांना वाटलं मी विसरले. पण तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून, जिथून जूनपासून एक शब्द आला नव्हता, तिथून आवाज आला, "मग बर्फ पाण्यावर तरंगतो ते कसं?" घनता शिकवताना मला ह्याहून काय हवं!

सगळ्यांत अवघड भाग म्हणजे उत्तर आल्यावरसुद्धा थांबणं. लगेच "शाब्बास" म्हटलं की बाकीच्यांचा विचार बंद.

---

नापास_शास्त्रज्ञ | बुधवार, सकाळी ८:३०

थोडं पाणी ओततो, रागावू नका. हे सगळे सिद्धांत घटना घडून गेल्यावर चिकटवायची लेबलं आहेत. ताईंनी थांबून विचारलं, कारण त्या चांगल्या शिक्षिका आहेत. त्यात पियाजेचं काय?

आणि "मुलं ज्ञानाची रचना स्वतः करतात" ह्याचा अर्थ "मुलांना सोडून द्या, ती शोधतील" असा आपल्याकडे काढला गेला. गटात बसवलं, चिंचोके दिले, काम झालं. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी ह्यावर एक सणसणीत लेख लिहिला. नवशिक्याला कमीत कमी मार्गदर्शन दिलं तर तो शिकत नाही, गोंधळतो. स्वेलरचं जुनं म्हणणं असं, की माणूस एका वेळी डोक्यात फारच थोड्या गोष्टी धरू शकतो. ओंजळीएवढी जागा. ५२ वजा २८ करताना पोराची ओंजळ "आठाला दोन कमी, हातचा, पाचाचे चार" एवढ्यानेच भरते. तेरातून आठ गेले किती हे त्याला बोटांवर मोजावं लागलं तर ओंजळ सांडणारच. म्हणून पाढे, बेरजा पाठ हव्यात. खडूफळा गुरुजींशी मी पूर्ण सहमत.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ८:४१

नाव नापास असलं तरी माणूस पास आहे. फक्त ५२ मध्ये तेरा कुठून आले? बारा म्हणा.

---

नापास_शास्त्रज्ञ | बुधवार, सकाळी ८:४४

बारा. ओंजळ सांडली. 😅

---

बीएडवाले_सर | बुधवार, सकाळी ९:१५

शास्त्रज्ञसाहेब, पाठ हवं हे मान्य. पण पाठ कसं होतं, तेही शिकण्याच्या अभ्यासातूनच कळलंय. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे नुसतं समोर बघून घोकणं आणि न बघता आठवून म्हणणं ह्यांत फरक आहे. गुरुजींचा परवचा हा दुसरा प्रकार. देवासमोर बसून, पुस्तकाशिवाय. गुरुजी, तुम्ही ३६ वर्षं हा सिद्धांत वापरलात आणि नाव परवचा ठेवलंत.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ९:२२

बघा, म्हणजे मी होतोच बरोबर.

---

६२_पोरांची_माय | बुधवार, दुपारी १:३०

एकोणीस पोरांत "असं का लिहिलंस" विचारता येतं हो. माझ्या पाचवीच्या वर्गात बासष्ट आहेत, खाजगी शाळा, पस्तीस मिनिटांचा तास. हजेरीतच सात जातात. प्रत्येकाला विचारायला मी ब्रह्मदेव लागून गेले का?

---

सोलापुरी_चादर | बुधवार, रात्री ८:०५

प्रत्येकाला विचारू नका. चुका बासष्ट प्रकारच्या नसतात, तीन-चारच असतात. ताईंच्याच उदाहरणात पाहा, ५९, ६९, ६१. तुम्ही फळ्यावर हेच तीन पर्याय लिहा, एक-दोन-तीन. "एकोणसाठ कुठला? बोटं छातीशी धरून दाखवा." छातीशी अशासाठी, की शेजाऱ्याचं बघून दाखवता येऊ नये. वीस सेकंदांत अख्खा वर्ग दिसतो. मात्र चुकीचे पर्याय खरे चुकीचे हवेत, म्हणजे पोरांच्याच वहीतून उचललेले. कुठलाही भलताच आकडा टाकला तर काही कळत नाही.

---

६२_पोरांची_माय | गुरुवार, दुपारी २:१०

आज केलं. ०.५ मोठा की ०.३५? चव्वेचाळीस पोरांनी ०.३५ ला बोट दाखवलं. पस्तीस पाचापेक्षा मोठे म्हणून. मी हा धडा *संपवला* होता. डोकं धरून बसलेय.

---

चिंचोके | शुक्रवार, रात्री १०:१०

अहवाल देते.

आमच्याकडे शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल दहा पांढरे अशी. ती खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ताणून बांधली. ६९ वालीला कपडे वाळत घालायचा चिमटा दिला, म्हटलं साठाव्या मण्यापाशी लाव. लावला. मग विचारलं, "घरी साखर उणी पडली म्हणजे?" "कमी पडली." "मग एक-उण-साठ?" राइनकाठचे दादा, हे तुमचं ऋण. आणि मनात तीनदा विठ्ठल. दुसऱ्या विठ्ठलाला तिने चिमटा एक मणी अलीकडे सरकवला, मोजलं, आणि ओरडली, "म्हणजे साठ अजून आलंच नाही!"

बाकीच्या चारही ६९ वाल्यांना तिनेच समजावलं, माझ्यापेक्षा बरं. ६१ वाले दोघे मात्र अजून चाचपडतायत. त्यांना अजून मागून, दशक-सुट्यांपासून यावं लागेल.

पण एक फजितीही सांगते. माळेवर सगळं जमलं म्हणून खूश होते. आज माळ काढून ठेवली आणि एकोणसत्तर विचारलं, तर परत सहा जणांनी ७९. माळ दिसली की येतं, माळ गेली की जातं. म्हणजे मी शिकवलं काय, माळ बघायला?

---

सिव्हिलवाला | शनिवार, सकाळी १०:००

शिक्षक नाही, बांधकामवाला आहे, पण राहवलं नाही. बायको बी.एड. करतेय, तिच्या पुस्तकात "व्हायगॉट्स्कीचं मचाण" असा शब्द पाहिला, म्हणजे शिकताना दिलेला तात्पुरता आधार. मचाण शेतात असतं हो, पाखरं हाकायला! इमारतीला असते ती परांची. आणि परांची बांधणं सोपं असतं, कधी सोडायची हे कळणं कठीण. स्लॅबखालचे टेकूही तसेच, सिमेंट ओलं असताना सोडले तर स्लॅब खाली. सहा महिने ठेवले तर खालून गिलावा कोण करणार? आम्ही सगळं एकदम कधीच सोडत नाही, मजल्यामजल्याने सोडतो. तुमची माळ एकदम काढली म्हणून पडझड झाली.

---

बीएडवाले_सर | शनिवार, सकाळी १०:४०

व्वा! पुढच्या वर्गात हेच सांगणार. तेवढी एक पुस्ती जोडतो. हा शब्द व्हायगॉट्स्कीचा नव्हेच. तो १९३४ मध्ये गेला, सदतिसाव्या वर्षी, क्षयाने. मूल एकट्याने करू शकतं ते आणि जाणत्याच्या मदतीने करू शकतं ते, ह्यांच्यामधली जागा त्याने दाखवली. परांचीची उपमा १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी आणली. परीक्षेत सगळे व्हायगॉट्स्की लिहितात आणि आम्ही मार्क देतो.

चिंचोकेताई, माळ पूर्ण काढण्याऐवजी आधी उलटी फिरवून ठेवा, मणी न मोजता फक्त चिमटा कुठे असेल ते हाताने दाखवू द्या. मग डोळे मिटून. मग नुसती पाटी.

---

चिंचोके | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

केलं, सिव्हिलवाले दादांच्या भाषेत मजल्यामजल्याने. आता दोघेच उरलेत. पण आज लिहायला बसले ते कोऱ्या पाटीसाठी.

सोमवारी ज्याची पाटी कोरी होती, तो चौथीतला आहे. वजाबाकीतही कोराच. जे लिहितो ते चुकीचं, ५२ − २८ ला ३६. आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. वरचं-खालचं बघायचंच नाही, मोठ्यातून लहान काढायचं. हा नियम मीच पहिलीत शिकवलाय, "लहानातून मोठं जात नाही रे". तो बिचारा आज्ञाधारक.

गुरुवारी आठवडे बाजारात गेले तर हा आजीबरोबर भाजी विकायला बसलेला. मेथीची जुडी पंधरा रुपये. मी तीन घेतल्या, पन्नासची नोट दिली. त्याने मान वर न करता पाचचं नाणं ठेवलं हातात.

शुक्रवारी वर्गात पाटीवर लिहून दिलं, ५० − ४५. त्याने लिहिलं १५.

त्याच्या नियमाने बरोबरच आहे की. पाचातून शून्य गेलं पाच, पाचातून चार गेले एक. मी काही बोलले नाही, शेजारी बसले. म्हटलं, "काल तू मला पन्नासातून पंधरा रुपये परत दिले असतेस तर?" तो हसला, "आजीनं झोडपलं असतं." "मग पाटीवर पंधरा कसे?" पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पाटीकडे. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, हे बाजारातलंच हाय व्हय?"

रात्री झोप लागली नाही. चार वर्षं हे पोर माझ्या शाळेत येतंय आणि त्याला वाटतं पाटीवरचे आकडे दुसऱ्याच कुठल्या गावचे.

---

राइनकाठचा | शनिवार, रात्री ११:१५

ताई, तुमचा पोरगा एकटा नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांवर १९८५ मध्ये एक अभ्यास छापून आला होता. गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा ९८ टक्के हिशेब बरोबर. तेच आकडे कागदावर मांडून दिले तर ३७ टक्के. एक नारळ ३५ ला, दहा नारळांचे किती? मुलाने पस्तीसवर शून्य ठेवलं नाही. तिनाचे १०५, आणखी तिनाचे २१०, आणखी तीन, ३१५, आणि एक, ३५०. अलीकडे २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंचा मोठा अभ्यास आला, तोही हेच सांगतो. आणि उलटही. शाळेत गणित येणाऱ्या पोरांना बाजाराचा हिशेब जमेना.

---

नापास_शास्त्रज्ञ | रविवार, सकाळी ७:५०

हे वाचून थोडा मागे येतो. पाठांतर हवं हे अजूनही म्हणतो. पण ह्या पोराला पाढ्यांनी काय केलं असतं? त्याला हिशेब येतोच. त्याची अडचण ओंजळीची नाही. बाजार आणि पाटी ह्यांच्यामध्ये त्याच्यासाठी रस्ताच नाही.

---

खडूफळा | रविवार, सकाळी ८:१५

त्या पोराच्या घरी कुणी जुन्या पद्धतीने वजाबाकी शिकवत नाही ना, ते बघा. आमच्या वेळी वरच्या दोनाला हातचा घेऊन बारा, आणि खालच्या दोनाचे तीन करायचो. तुम्ही आता दशक सुटा करून वरच्या पाचाचे चार करता. दोन्ही बरोबर, पण घरी आजोबा एक सांगतात आणि शाळेत बाई दुसरं, मग पोर दोन्ही सोडून मोठ्यातून लहान काढतं. माझ्याच नातवाचं असं झालंय. मी त्याला ओरडलो होतो.

---

चिंचोके | सोमवार, रात्री ९:००

आज वर्गात बाजार मांडला. खेळण्यातल्या नोटा, दहाच्या आणि एकाच्या. कोऱ्या पाटीवाला दुकानदार. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, हिशेब आधी तोंडाने सांगायचा, मग दहाची नोट मोडून एकाच्या दहा घ्यायच्या, आणि नोट मोडली की पाटीवर पाचाचे चार करायचे. तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर तो स्वतःच पाटीकडे वळून म्हणाला, "थांबा, नोट मोडायची ऱ्हायली." परवा बाजाराशिवाय विचारून बघते. परांची आहे, माहितीय दादा.

आणि ६९ वालीने आज तास संपता संपता मला गाठलं. "बाई, ८९ ला एकोणनव्वद म्हणतात. मग ९९ ला एकोणशंभर का नाही? नव्याण्णव का?" मी गप्प. तीनदा विठ्ठल झालं, तरी गप्प. उद्या सांगते म्हटलं.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ९:२०

३६ वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. आमच्या घरात ८९ ला नव्याऐंशी म्हणतात, तेही कुणी विचारलं नाही.

---

राइनकाठचा | सोमवार, रात्री १०:०५

तिला सांगा, संस्कृतात दोन्ही होतं. नवनवति पण आणि एकोनशतम् पण. मराठीत नवनवतिवरून नव्याण्णव आलं. तिचा एकोणशंभर चूक नाही, फक्त वापरात राहिला नाही.

---

चिंचोके | मंगळवार, संध्याकाळी ५:४०

सांगितलं. डोळे बारीक करून ऐकलं तिने सगळं. मग म्हणाली, "आणि ते ठरवलं कुणी?"